गुलाबाची हरवलेली प्रकृति

घरापुढें चार हात जागा असली कीं तींत एक तरी गुलाब असावा, ही हौस महाराष्ट्रांत घरोघर आढळते. रोपवाटिकेंतून मोठ्या कौतुकानें कलम आणलें जातें. पहिल्या हिंवाळ्यांत त्यावर मुठीएवढीं फुलें येतात आणि शेजारीपाजारी थांबून पाहतात. मग पावसाळा लागतो. खालच्या पानांवर काळे ठिपके दिसूं लागतात, पानें पिवळीं पडून गळतात, उघड्या पडलेल्या फांद्या टोंकाकडून वाळत येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं आळ्यांत नुसती एक काडी उभी राहते. घरधनीण दोष देते तो स्वतःला. ‘आपल्या हाताला गुलाब लागत नाहीं,’ असें म्हणून ती त्या जागीं जास्वंद लावते. त्याच अंगणाच्या कुंपणाशीं मात्र आजेसासूनें लावलेला गांवठी गुलाब, कोणी पाणी घालो वा न घालो, दर वर्षीं निमूटपणें फुलत असतो.

एकाच फुलाच्या या दोन तऱ्हा कां व्हाव्या? याचें उत्तर त्या बाईच्या हातगुणांत नाहीं. तें गुलाबाच्या गेल्या सव्वादोनशें वर्षांच्या इतिहासांत आहे. गुलाब हा जन्मतः नाजूक नव्हे. तो कांटेरी, काटक, रानांत वाढणारा झुडपी जीव. माणसानें त्याला नाजूक केलें, आणि नंतर हरवलेली प्रकृति त्याला परत मिळवून देण्यासाठीं माणसालाच पिढ्यान् पिढ्या खपावें लागलें.

गुलाबाच्या रानटी जाती शंभरांहून अधिक आहेत आणि त्या सर्व उत्तर गोलार्धांतल्या आहेत. हिमालयांत, चीनच्या डोंगरांत, इराणच्या कोरड्या पठारांवर, सैबेरियाच्या थंडींत, बंगालच्या ओलसर काठांवर त्या वाढतात. बहुतेकांच्या फुलाला पांचच पाकळ्या असतात. बहर वर्षांतून एकदां येतो. पण त्या झाडांना कोणी खत घालीत नाहीं कीं औषध फवारीत नाहीं. माणसानें गुलाब जवळ केला तो प्रथम रूपासाठीं नव्हे, सुवासासाठीं. खुद्द ‘गुलाब’ हा शब्दच त्याची साक्ष आहे. फारसींत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुलाब’ हें मुळांत फुलापासून काढलेल्या सुगंधी पाण्याचें नांव. मराठीनें व हिंदीनें तें नांव फुलालाच देऊन टाकलें. अत्तरासाठीं, गुलाबपाण्यासाठीं, गुलकंदासाठीं लावलेला दमास्क गुलाब हा शेतांतल्या पिकासारखा गुलाब होता. गाझीपूरच्या शेतकऱ्याला एकेका फुलाचा आकार पाहावयाचा नसे. त्याला पाहिजे असे तें पोतीं भरून फुलें देणारें धडधाकट झुडूप.

युरोपांतील जुन्या बागांतही स्थिति फारशी निराळी नव्हती. तेथील गॅलिका, दमास्क, आल्बा हे गुलाब उन्हाळ्याच्या आरंभीं एकदां भरभरून फुलत आणि उरलेलें वर्ष हिरवें झुडूप म्हणून उभे राहत. शरद् ऋतूंत पुन्हा थोडीं फुलें देणारा दमास्कचा एक प्रकार तेवढा अपवाद होता. एक बहर संपला कीं वर्षभर वाट पाहणें हें गुलाब लावणाऱ्याचें प्राक्तन मानलें जाई.

तें बदललें चीनमधून. चिनी माळ्यांनीं शतकानुशतकें जोपासलेले गुलाब वर्षाच्या बहुतेक महिन्यांत फुलत. असें कां होतें, हें फार अलीकडे समजलें. गुलाबाच्या पेशींत फुलण्याला लगाम घालणारा एक आनुवंशिक घटक असतो. चिनी गुलाबांत त्याच्यामध्यें परका तुकडा शिरून तो लगाम निकामी झालेला आहे, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखवून दिलें. चिनी माळ्यांना यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. परंतु अखंड फुलणारें झाड दृष्टीस पडतांच तें जपावें, एवढी जाण त्यांना होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचीं चहाचीं जहाजें कँटन बंदरांतून हे गुलाब घेऊन निघूं लागलीं. १७९२ च्या सुमारास गर्द तांबडा, १७९३ सालीं गुलाबी, १८०९ सालीं फिकट रंगाचा व चहाच्या वासाचा, आणि १८२४ सालीं फिकट पिवळा, असे चार चिनी गुलाब इंग्लंडांत पोहोंचले. पाश्चात्य गुलाबशास्त्राचा सारा पुढचा इतिहास या चार झाडांवर उभा आहे. वाटेंत कांहीं रोपांचा मुक्काम १७८७ सालीं स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत होई. त्यामुळें फ्रेंच लोक या चिनी गुलाबांना ‘बंगालचे गुलाब’ म्हणूं लागले. त्यापूर्वींच, १७५३ सालीं, लिनियसनें ‘रोझा इंडिका’ हें शास्त्रीय नांव देऊन हा घोटाळा ग्रंथांत पक्का केला होता. मराठींत तर ‘चिनी गुलाब’ हें नांव एका निराळ्याच, जमिनीलगत पसरणाऱ्या मांसल पानांच्या रोपट्याला मिळालें आहे. त्याचा गुलाबाशीं कांहीं संबंध नाहीं. नांवांच्या या गोंधळांत खरा चिनी गुलाब हिंदुस्थानांत आला, रुजला आणि अंगणांतला होऊन गेला.

या मीलनाचें पहिलें मोठें फळ माणसाच्या हातून आलें नाहीं. तें एका कुंपणांत आलें. हिंदी महासागरांत मादागास्करच्या पूर्वेस असलेलें रेयुनियों बेट त्या काळीं बोर्बोन म्हणून ओळखलें जाई. तेथील मळेवाले शेताच्या कडेनें गुलाबी चिनी गुलाब व दमास्क गुलाब यांचीं मिश्र कुंपणें लावीत. गुरांना अडवावें, वारापाऊस सोसावा, कोणाचें लक्ष नसतां वाढावें, अशीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. अशा एका कुंपणांत दोहोंच्या संयोगानें आपोआप उगवलेलें एक नवें झाड आढळलें. त्याला ‘एदुआर’ गुलाब असें नांव मिळालें. त्याचें बीं १८१९ च्या सुमारास फ्रान्समध्यें पोहोंचलें आणि तेथें बोर्बोन गुलाबांचा वंश सुरू झाला. हिंदुस्थानांत ‘एडवर्ड’ या नांवानें रूढ झालेला सुवासिक गुलाबी गुलाब याच घराण्यांतला. हारांसाठीं त्याच्या पाकळ्या विकल्या गेल्या, आणि त्याच्या दणकट मुळांवर शेंकडों नाजूक परदेशी गुलाबांचे डोळे भरले गेले. महाराष्ट्रांत ज्याला सरसकट ‘गांवठी’ म्हणतात, त्या एका नांवाखालीं दमास्क व बोर्बोन अशा दोन्ही घराण्यांतले गुलाब नांदत आले आहेत. गांवठी या शब्दाला तुच्छतेची छटा आहे. पण ज्याला ती चिकटली, त्याचा वंश तीन खंडांत पसरलेला आहे.

येथपर्यंत गुलाब निरोगी होता. त्याच्या प्रकृतीला ओहोटी लागली ती प्रदर्शनांपासून. १८५८ सालीं लंडन येथें सॅम्युएल रेनॉल्ड्स होल या धर्मोपदेशकाच्या पुढाकारानें पहिलें राष्ट्रीय गुलाब-प्रदर्शन भरलें. १८७६ सालीं तेथें राष्ट्रीय गुलाब-संस्था निघाली. या चळवळीनें गुलाबाची गोडी श्रीमंतांच्या बागांतून सामान्यांच्या परसांत नेली, हें तिचें श्रेय निर्विवाद आहे. परंतु प्रदर्शनांत झाड येत नसे, येई तें केवळ फूल. हिरव्या रंगाच्या पेटींत शेवाळाच्या गादीवर ओळीनें मांडलेलीं फुलें परीक्षक पाहत: पाकळ्यांची गुंफण कशी आहे, मध्य उंच आहे कीं नाहीं, आकार सुडौल आहे कीं नाहीं. ज्या झाडावरून तें फूल खुडलें, त्याला पानें होतीं कीं नव्हतीं, हें विचारण्याची तेथें सोयच नव्हती. जें विचारलें जात नाहीं, तें हळूहळू जपलेंही जात नाहीं. नव्या जाती निर्माण करणारे लोक फुलाकडे पाहून झाड निवडूं लागले. झाडाकडे पाहून झाड निवडण्याची रीत मागें पडली.

१८६७ सालीं लिओं शहरच्या गियो यानें ‘ला फ्रान्स’ हा गुलाब प्रसिद्ध केला. लांब डोळ्यांतून हळूहळू उलगडणारें, उंच मध्याचें असें हें फूल होतें. पुढें ‘हायब्रिड टी’ म्हणून जगभर पसरलेल्या वर्गाचा तो आद्य पुरुष मानला जातो. आजही फुलवाल्याकडे लांब दांड्याचा एकेक गुलाब मिळतो, त्याचा आदर्श तोच. या वर्गाला एकच गोष्ट साधली नव्हती: गर्द, झगझगीत पिवळा रंग. ती साधण्याचा ध्यास लिओंच्याच झोझेफ पेर्ने-द्युशे यानें घेतला. इराणांतून आलेला एक पिवळा गुलाब युरोपांत होता. त्याचा वास उग्र म्हणून शास्त्रज्ञांनीं त्याचें नांवच ‘फेटिडा’, म्हणजे दुर्गंधी, असें ठेवलें होतें. त्याचे परागकण घेऊन पेर्ने-द्युशेनें १८८० नंतरच्या दशकांत संकर आरंभिले. बहुतेक फसले. अनेक वर्षांच्या चिकाटीनंतर १९०० सालीं त्याचा ‘सोलेय दॉर’, म्हणजे सुवर्णसूर्य, जगापुढें आला. पुढील पंचवीस-तीस वर्षांत पिवळा, केशरी, तांब्याच्या छटेचा, दुरंगी असे जे गुलाब निघाले, त्यांतील बहुतेकांच्या अंगांत या सूर्याचें रक्त होतें.

पण सूर्याबरोबर त्याची सांवलीही आली. इराणचा तो पिवळा गुलाब कोरड्या हवेंतला. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पाडणारी बुरशी पान सात-आठ तास सतत ओलें राहिलें कीं रुजते. कोरड्या पठारावर पान इतका वेळ ओलें राहतच नाहीं. म्हणून या शत्रूशीं झुंजण्याची तयारी त्या वंशानें कधीं केलीच नव्हती. ज्या गुलाबांत त्याचें रक्त मिसळलें, त्यांच्यांत हें दौर्बल्यही उतरलें. चकाकणाऱ्या नव्या रंगांचीं झाडें पावसाळी हवेंत भर हंगामांत निष्पर्ण होऊं लागलीं. ज्यानें हा रंग आणला त्या पेर्ने-द्युशेचे दोन्ही पुत्र १९१४ सालीं पहिल्या महायुद्धांत मारले गेले. आपल्या नंतरच्या दोन गुलाबांना त्यानें त्यांचींच नांवें दिलीं. त्याचें काम पुढें नेण्यास पुत्र उरला नाहीं. त्यानें दिलेला रंग आणि त्याबरोबरचा रोग मात्र अक्षरशः सर्व जगाला वारसा म्हणून मिळाला.

यावर उपाय निघाला तो फवारणीचा. द्राक्षांच्या केवड्यावर १८८५ सालीं फ्रान्समध्यें सिद्ध झालेलें मोरचूद व चुन्याचें बोर्डो मिश्रण नाशिककडच्या बागाइतदारांना चांगलें परिचित आहे. तें व गंधक गुलाबावर मारलें जाऊं लागलें. दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक कारखान्यांनीं नवनवीं औषधें पुरविलीं, आणि दर आठवड्या-पंधरवड्यास फवारणी हा गुलाबसंगोपनाचा नित्यविधि होऊन बसला. यांतलें खरें नुकसान निराळेंच होतें. ज्या बागेंत प्रत्येक रोपावर औषध पडतें, तेथें सशक्त कोणतें व दुबळें कोणतें हें ओळखतांच येत नाहीं. दुबळीं झाडें सुंदर फुलांच्या जोरावर निवडलीं गेलीं आणि त्यांचींच संतति वाढली. पूर्वीं रोगी झाड मरून जाई आणि त्याचा वंश तेथेंच थांबे. आतां औषधानें तें जगूं लागलें आणि पुढच्या पिढीचें आईबाप होऊं लागलें.

असें असलें तरी प्रवाहाविरुद्ध पोहणारे लोक त्याही काळीं होते. इंग्लंडांत एसेक्स परगण्यांत जोझेफ पेंबर्टन हा पाद्री राहत असे. राष्ट्रीय गुलाब-संस्थेचें अध्यक्षपद त्यानें भूषविलें होतें, प्रदर्शनांचीं बक्षिसें त्याला नवीं नव्हतीं. पण आयुष्याच्या उत्तरार्धांत त्याचें मन आजीच्या बागेंतल्या जुन्या झुडपी गुलाबांकडे वळलें. १९०४ सालीं निघालेल्या ‘ट्रिअर’ या जर्मन गुलाबाच्या आधारानें त्यानें १९१३ पासून १९२६ सालीं निधन होईपर्यंत एक नवाच वर्ग निर्माण केला. छातीइतकें उंच झुडूप, त्यावर लहान फुलांचे घोस, मंद सुवास आणि थंडीपर्यंत टिकणारा बहर, असें त्याचें रूप होतें. प्रदर्शनाच्या पेटींत मांडण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. बागेंत मात्र तें झाड वर्षानुवर्षें तगून राही. त्याच सुमारास डेन्मार्कांत पोल्सेन कुटुंबानें बुटक्या, घोसानें फुलणाऱ्या गुलाबांचा मोठ्या फुलांच्या गुलाबांशीं संकर करून उत्तरेकडील थंडी सोसणारीं झाडें काढलीं. त्यांची ‘एल्से पोल्सेन’ १९२४ सालीं आली आणि पुढें सार्वजनिक उद्यानांत घरोब्यानें वावरली.

तिसरें नांव जर्मनीच्या विल्हेल्म कोर्डेस याचें. १९१४ सालीं युद्ध पेटलें तेव्हां हा तरुण माळी इंग्लंडांत होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला मॅन बेटावरील छावणींत स्थानबद्ध करण्यांत आलें. त्या सक्तीच्या विश्रांतींत त्यानें मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम अभ्यासिले. सुटल्यावर त्यानें गुलाबांच्या पैदाशीला शास्त्राचा पाया दिला. त्याच्या वाडींत ‘मॅक्स ग्राफ’ नांवाचा जमिनीवर सरपटणारा, अत्यंत निरोगी पण वांझ समजला जाणारा गुलाब होता. अनेक वर्षांनीं त्याला एक-दोन फळें धरलीं. त्यांतून हातीं आलेल्या दोन रोपांपैकीं एक हिंवाळ्यानें नेलें, दुसरें वांचलें. त्या वांचलेल्या रोपाच्या पेशींत रंगसूत्रांची संख्या आपोआप दुप्पट, म्हणजे चौदाची अठ्ठावीस, झालेली होती. त्यामुळें तें बागेंतल्या इतर गुलाबांशीं संकर होण्यास योग्य ठरलें. बापाचा निरोगीपणा व बागेचे रंग यांच्यामधला तुटलेला पूल अशा रीतीनें एका रोपट्यानें जोडला. शास्त्रज्ञांनीं त्याला ‘कोर्डेसी’ असें नांव दिलें. पुढें जर्मनींत नव्या गुलाबांची सार्वजनिक परीक्षा सुरू झाली, आणि १९९७ पासून तर ती औषधाचा एक थेंबही न फवारतां घेतली जाऊं लागली. पेटींतल्या फुलाचा न्याय जाऊन उघड्या वाफ्यांतल्या झाडाचा न्याय आला, त्याला सुमारें एकशें चाळीस वर्षें लागलीं.

अमेरिकेंत हेंच काम आयोवा येथील कृषि-विद्यापीठांत ग्रिफिथ बक यानें केलें. शाळेंत असतांना त्यानें स्पेनमधील प्रसिद्ध गुलाब-संकरक पेद्रो दोत याच्या घरीं पत्र धाडलें होतें. त्या पत्रव्यवहारांतून त्याला गुलाबाचा नाद लागला. आयोवाचा हिंवाळा असा कीं, मातींत पुरून व पेंढ्यानें झांकून ठेवल्याशिवाय तेथें साधा गुलाब जगत नसे. बकनें सैबेरियाकडील काटक गुलाबाचें रक्त आणून संकर केले, आणि आलेलीं रोपें उघड्यावर लावून त्यांच्याकडे मुद्दाम पाठ फिरविली. आच्छादन नाहीं, औषध नाहीं. जें मरेल तें मरूं द्यावें, जें उरेल त्यांतून सुंदर तें निवडावें, हा त्याचा शिरस्ता. या कठोर शाळेंतून ऐंशीहून अधिक गुलाब उत्तीर्ण झाले. त्यांतला १९७७ सालचा ‘केअरफ्री ब्यूटी’, म्हणजे निर्धास्त सुंदरी, हा सर्वांत नांवाजला.

याच सुंदरीच्या वंशांत पुढें एक वारस जन्मला. मिलवॉकी येथील उद्यानतज्ज्ञ विल्यम रॅडलर हा रोगट पानें गोळा करी, तीं वाळवून त्यांचा चुरा करी आणि तो जाणूनबुजून आपल्या कोवळ्या रोपांवर पसरी. रोग होऊं नये म्हणून जग धडपडत असतां हा गृहस्थ रोग पेरीत होता. ज्याला तो झाला नाहीं तें रोप तो ठेवी. त्याचा ‘नॉक आउट’ हा लालभडक झुडपी गुलाब २००० सालीं बाजारांत आला. सुवास जवळजवळ नाहीं, पाकळ्या थोड्या, आकार साधा. पण औषधाशिवाय हिरवेंगार झाड आणि महिनोन् महिने बहर! गुलाबाला ज्यांनीं हात जोडले होते ते लोक पुन्हा गुलाब लावूं लागले. अमेरिकेंत रस्त्याकडेला, दुकानांपुढें, घरांपुढें त्याचीं लक्षावधि झाडें लागलीं.

कथा येथें संपती तर ती फार सुबक झाली असती. पण याच यशाच्या पोटांत नवें संकट होतें. अमेरिकेच्या सरकारी मृद्-संधारण खात्यानें १९३० नंतरच्या दशकांत आणखी एका बिनखर्ची गुलाबाचा प्रसार केला होता. आशियांतून आलेला ‘मल्टिफ्लोरा’ जमिनीची धूप थांबवितो आणि गुरांना जिवंत कुंपण होतो, म्हणून तो शेतांच्या बांधांवर लावला गेला. तो इतका विनासायास वाढला कीं रानें व्यापून बसला आणि अनेक राज्यांना त्याला उपद्रवी तण ठरवावें लागलें. त्या रानांत एक विकृति फैलावली. झाडाला लालसर, वेड्यावांकड्या फुटींचे झुबके येतात, कांटे बेसुमार वाढतात आणि दोन-तीन वर्षांत झाड मरतें. वाऱ्यावर उडणारी, डोळ्यांना न दिसणारी एक कोळी हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते; त्यामागील विषाणूची ओळख २०११ सालीं पटली. बांधावरून तो बागेंत उतरला, तेव्हां त्याच्यापुढें एकाच जातीचीं झाडें ओळीनें उभीं होतीं. काळ्या ठिपक्यांवर विजय मिळविलेला ‘नॉक आउट’ या शत्रूपुढें निरुपाय ठरला. झाड मुळासकट उपटून टाकणें याखेरीज त्यावर इलाज नाहीं.

यांतून निघणारा बोध दुहेरी आहे. निरोगीपणा हा कायमचा मिळविलेला किल्ला नव्हे. एका शत्रूला पुरून उरलेला दुसऱ्यापुढें पडूं शकतो. म्हणून कोणत्याही एकाच गुलाबावर सारी बाग सोंपविणें धोक्याचें आहे. आणि निरोगीपणा हा त्या त्या ठिकाणचाही असतो. आयोवाची थंडी सोसलेला गुलाब कोंकणांतला चार महिन्यांचा पाऊस सोसेलच, असें नाहीं. कोरड्या इराणचा सूर्य युरोपांत कसा काळवंडला, हें दिसलेंच आहे.

हिंदुस्थानांत हा विचार नवा नव्हे. गव्हाच्या तांबेऱ्याला दाद न देणारे वाण सिद्ध करणारे वनस्पति-शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल हे भारतीय कृषि-संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. तेच गुलाबाचेही थोर उपासक होते. दिल्लीच्या उन्हांत तगणारे अनेक गुलाब त्यांनीं निर्माण केले आणि १९६६ सालीं भारतांतील गुलाबावर ग्रंथ लिहिला. या देशाच्या स्वतःच्या रानांतही मोठी संपत्ति आहे. १८८२ सालीं जॉर्ज वॉट यांना मणिपूरच्या डोंगरांत ‘जायगँटिया’ हा प्रचंड वेलीसारखा वाढणारा, मोठ्या फिकट फुलांचा गुलाब आढळला. बंगालच्या ओलसर भूमींत ‘क्लिनोफिला’ हा पाण्याला न भिणारा गुलाब वाढतो. या दोहोंचें रक्त घेऊन उष्ण व दमट प्रदेशांसाठीं गुलाब घडविण्याचें काम कोडाईकनाल येथें वीरराघवन यांनीं हातीं घेतलें. थंड देशांनीं थंडीसाठीं जें केलें, तें पावसाळी देशासाठीं करण्याचा हा प्रयत्न आहे.

या इतिहासाचा घरच्या अंगणाला उपयोग काय, असा प्रश्न साहजिक आहे. पहिला उपयोग निवडीचा. रोप विकत घेतांना फुलाकडे शेवटीं पाहावें, आधीं पानाकडे पाहावें. तेंही शक्य तर श्रावण-भाद्रपदांत, जेव्हां गुलाबाची खरी परीक्षा चालू असते. भर पावसांत ज्याच्या अंगावर खालपर्यंत पानें आहेत तें झाड घ्यावें. त्याहून उत्तम म्हणजे शेजारच्या कुंपणांत वर्षानुवर्षें फुलणाऱ्या गुलाबाची पेन्सिलीएवढी जाड काडी मागून आणून लावावी. स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या झाडाला खालून जी फूट येते ती त्याचीच असते. डोळा भरलेल्या कलमांत मात्र खुंटाची फूट वेळींच न काढल्यास खुंट फोफावतो आणि मूळ गुलाब मरतो. घरांत गुलाब ‘रानटी झाला’ असें म्हणतात तो हा प्रकार.

दुसरा उपयोग जागेचा व पाण्याचा. बुरशीला सात-आठ तास ओलें पान लागतें, हें एकदां लक्षांत आलें कीं बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहींत. सहा तास ऊन लागेल अशी जागा, दोन झाडांत तीन-चार फूट अंतर, खेळती हवा. पाणी सकाळीं आणि तेंही पानांवर न शिंपतां आळ्यांत. काळी जमीन चिबड असेल तर खड्ड्यांत मुरूम, शेणखत व पालापाचोळा घालून पाण्याला वाट द्यावी, आणि वाफसा आल्याशिवाय पुन्हा पाणी देऊं नये. आळ्यांत पाचटाचें आच्छादन पसरावें. पावसाचे थेंब मातीवर आपटून रोगाचे कण खालच्या पानांवर उडतात ते त्यानें थांबतात. गळलेलीं ठिपक्यांचीं पानें मात्र वेंचून जाळावीं.

छाटणी पाऊस सरल्यावर, आश्विनाच्या सुमारास करावी. प्रदर्शनाच्या गुलाबाला वीतभर ठेवून छाटण्याची जी रीत पुस्तकांतून शिकविली जाते, ती मोठ्या पण मोजक्या फुलांसाठीं आहे. झुडपी गुलाबाला ती शिक्षा होय. त्याच्या उंचीचा तिसरा हिस्सा काढावा, वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या तळापासून काढाव्या, आणि झाडाला झाडासारखें राहूं द्यावें. साधारण सहा-सात आठवड्यांत बहर येतो. आणि एका जागीं चार गुलाब लावावयाचे असतील तर ते चार निरनिराळ्या कुळांतले असावे.

पेर्ने-द्युशेचा सुवर्णसूर्य आणि कुंपणांतला ‘एदुआर’ हे दोन्ही माणसाच्या सौंदर्यदृष्टीचेच पुत्र आहेत. एकाला कौतुक मिळालें आणि दुसऱ्याला काम. ज्या घरधनिणीनें तीन कलमें गमावून हात टेकले, तिच्या अंगणांत कुंपणाशीं उभा असलेला तो जुना गुलाब अजून तेथेंच आहे. आश्विनांत त्याची एक काडी तिरपी कापून कुंडींत खोंचली आणि सांवलींत ठेवून माती ओलसर राखली, तर दिवाळीच्या पुढेंमागें तिच्या डोळ्यांतून तांबूस कोंब डोकावूं लागतो. आजेसासूनेंही तो बहुधा असाच कोठून तरी मागून आणलेला असतो.